फरक आला आणि फेब्रुवारीचा पगार गेला

पत्र

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत सहशिक्षिका आहे. २०१९ मध्ये सेवेची बारा वर्षं झाली, पण प्रशिक्षण लांबलं, मग प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा आदेश अखेर २०२५ मध्ये निघाला. मार्च २०२५ पासूनचा वाढीव पगार नियमित बिलात आला आणि त्याआधीच्या सहा वर्षांचा फरक, ३ लाख ९० हजार, या जानेवारीत पुरवणी बिलातून एकदम जमा झाला. शाळेत पेढे वाटले. पण काही रक्कम फरकाच्या बिलातून आणि उरलेली फेब्रुवारीच्या पगारातून, असा मिळून ९५,९४० रुपये आयकर कापला गेला. नियमित पगार वर्षाला ११ लाख आहे आणि बारा लाखांपर्यंत कर नाही असं ऐकून होते. क्लार्क म्हणतात, "मॅडम, कापला तो कापला." माझे भाऊजी म्हणतात, जुन्या वर्षांची रिटर्न दुरुस्त करून घ्या. स्टाफरूममधले एक सर म्हणतात, फरक मागच्या वर्षांचा आहे, यंदाच्या रिटर्नमध्ये दाखवूच नका. दुसरे म्हणतात, फरक पीएफला गेला असता तर कर लागलाच नसता. कुणाचं ऐकू?

— एक शिक्षिका

उत्तर

ताई, यातलं कुणाचंच ऐकू नका. चौघांपैकी सर्वांत कमी चुकले ते क्लार्क. कापलेला कर हिशोबाने बरोबर आहे, पण तो सगळा तुमच्याकडून जायला हवा असं मुळीच नाही. त्यातले साधारण साडेशेहेचाळीस हजार परत येऊ शकतात. आपोआप मात्र येणार नाहीत. त्यासाठी एक कागद मागून घ्यावा लागेल आणि एक फॉर्म भरावा लागेल, आणि दोन्ही गोष्टी रिटर्न भरण्याच्या आधी व्हायला हव्यात.

आधी स्टाफरूममधल्या सरांचं. पगाराच्या बाबतीत आयकर कायद्याचा नियम सरळ आहे. पगार देय झाला किंवा हातात आला, यातलं जे आधी घडेल त्या वर्षी त्यावर कर लागतो. तुमचा फरक मागच्या सहा वर्षांचा असला तरी त्यावरचा तुमचा हक्क आदेश निघाल्यावर पक्का झाला आणि पैसेही याच आर्थिक वर्षात आले. म्हणून तो २०२५-२६ चं उत्पन्न. तो दाखवला नाही तरी फॉर्म १६ मध्ये, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराच्या शाळेच्या दाखल्यात येईल, २६एएस या आयकर विभागाच्या करनोंदीच्या उताऱ्यात त्यावर कापलेला कर दिसेल आणि एआयएस या उत्पन्नाच्या वार्षिक माहितीपत्रकातही नोंद होईल. न दाखवता तो लपत नाही, नोटीस तेवढी येते.

भाऊजींची सूचना वरवर शहाणपणाची वाटते, पण जुनी रिटर्न दुरुस्त करायची ती चूक झाली असेल तर. तुमच्या २०१९-२० च्या रिटर्नमध्ये चूक नव्हती. त्या वर्षी जेवढा पगार मिळाला तेवढा तुम्ही दाखवला. आज पैसे आले म्हणून तेव्हाचं रिटर्न खोटं ठरत नाही. शिवाय सुधारित रिटर्न भरायची मुदत त्या वर्षांसाठी केव्हाच संपली आहे. त्यानंतर भरता येतं त्या अद्ययावत रिटर्नमध्ये कर वाढवता येतो, रिफंड मागता येत नाही.

पीएफवाल्या सरांचा गैरसमज कुठून आला ते कळतं. राज्य कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि त्याचा फरक २०१९-२० पासून पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचं ठरलं. भविष्य निर्वाह निधीचं खातं असलेल्यांचे हप्ते त्या खात्यात जमा झाले. पैसे हातात आले नाहीत, म्हणून अनेकांनी कर नाही असं समजून घेतलं. पण खात्यात जमा होणं म्हणजेच मिळणं. त्या त्या वर्षी तो हप्ता पगारात धरायचाच होता.

आता बारा लाखांचं. नव्या करपद्धतीत २०२५-२६ साठी करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची सूट सगळा कर पुसून टाकते. तुमचा नियमित पगार ११ लाख. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की १०,२५,००० उरतात आणि कर शून्य. म्हणजे तुम्ही ऐकलं ते खरंच होतं. पण फरक मिळवला की एकूण १४,९०,०००, वजावट जाऊन १४,१५,०००. इथे कर दोन लाख पंधरा हजारांवरच लागतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. बारा लाखांच्या थोडं पुढे गेलेल्यांना सीमांत सवलत मिळते, म्हणजे बारा लाखांवर जेवढं उत्पन्न त्याहून जास्त कर लागत नाही; तुमच्याइतकं पुढे गेलं की सूट साफ जाते. मग चार लाखांच्या पुढच्या प्रत्येक टप्प्याचा कर मोजायचा. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. आठ ते बारावर १० टक्के, ४०,०००. त्यापुढच्या २,१५,००० वर १५ टक्के, ३२,२५०. मिळून ९२,२५०, त्यावर ४ टक्के उपकर ३,६९०. झाले ९५,९४०. (हिशोब सुटसुटीत राहावा म्हणून एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतलं शासनाचं योगदान मी बाजूला ठेवलं आहे. तुमच्या फॉर्म १६ मधले आकडे थोडे इकडेतिकडे असतील.)

म्हणजे फरक आला नसता तर यंदाचा कर शून्य, आणि फरक आला म्हणून जवळजवळ लाख. मिळालेल्या रकमेचा चौथा हिस्सा. पैसे वेळच्या वेळी मिळाले असते तर एवढा कर गेला असता का? हाच प्रश्न कायद्यालाही पडला आणि त्याचं उत्तर म्हणजे आयकर कायदा १९६१ चं कलम ८९. उशीर तुमच्यामुळे झाला नाही, तेव्हा उशिरामुळे वाढलेला कर तुमच्यावर पडू नये, एवढाच त्याचा अर्थ. हिशोब कसा करायचा ते नियम २१ए मध्ये आहे.

हिशोब दोन बाजूंनी करायचा असतो. एका बाजूला यंदाचा कर फरकासह आणि फरकाशिवाय, त्यातली तफावत. तुमच्या बाबतीत ९५,९४० वजा शून्य. दुसऱ्या बाजूला मागच्या प्रत्येक वर्षात जायचं, त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नात त्या वर्षीचा फरक मिळवायचा, त्या वर्षीचेच स्लॅब लावायचे आणि कर किती वाढला असता ते काढायचं. सगळ्या वर्षांची वाढ एकत्र केली की दुसरी रक्कम मिळते. पहिली रक्कम दुसरीपेक्षा जास्त असेल तर मधली तफावत म्हणजे तुमची सवलत.

तुम्ही सोबत पाठवलेल्या जुन्या आकड्यांवरून मी हे करून पाहिलं. २०१९-२० चं करपात्र उत्पन्न ३,९०,००० आणि फरक ४८,०००. पुढच्या वर्षी ४,१०,००० आणि फरक ५२,०००. तेव्हा तुम्ही जुन्या पद्धतीत होता, तिथे पाच लाखांपर्यंत सूट होती आणि फरक धरूनही तुम्ही पाच लाखांच्या आतच राहता. म्हणजे त्या दोन वर्षांचा मिळून एक लाख रुपये फरक वेळेवर आला असता तर त्यावर एक पैसाही कर लागला नसता.

२०२१-२२ मध्ये मात्र गंमत आहे. उत्पन्न ४,६०,०००, कर शून्य. त्यात ६०,००० फरक मिळवला की ५,२०,००० होतात, पाच लाखांची रेघ ओलांडली जाते आणि सूट जाते. जुन्या पद्धतीत वर सांगितली तशी सीमांत सवलतही नाही. कर थेट १७,१६०. साठ हजारांवर सतरा हजार! हा हिशोब केवळ सरासरी काढण्याचा नाही हे इथे कळतं. प्रत्येक वर्षाची रेघ कुठे होती हे पाहावंच लागतं. मागच्या वर्षातली रेघ तुमच्या विरोधातही जाऊ शकते.

२०२२-२३ मध्ये ५,३०,००० वर ७०,००० मिळवले तर कर १४,५६० ने वाढतो. २०२३-२४ पासून तुम्ही नव्या पद्धतीत आलात. तिथे ८,४०,००० वर ७८,००० मिळवून वाढ ९,०४८ आणि २०२४-२५ मध्ये ८,९५,००० वर ८२,००० मिळवून ८,५२८. या सगळ्याची बेरीज ४९,२९६. फरक वेळच्या वेळी मिळाला असता तर सहा वर्षांत मिळून एवढा कर गेला असता. गेला आहे ९५,९४०. सवलत ४६,६४४ रुपयांची.

यंदा जुनी पद्धत निवडली तर अजून वाचेल का, हेही पाहिलं. नाही. तिथे नियमित पगारावरच कर सुरू होतो, नव्या पद्धतीतच राहा. कलम ८९ ची सवलत दोन्ही पद्धतींत मिळते, नव्या पद्धतीत ती नाही असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

आता तो कागद. वर्षनिहाय फरकाचा तक्ता, ज्याला क्लार्क मंडळी ड्यू-ड्रॉन म्हणतात. त्यात महिन्यागणिक किती देय होतं, किती दिलं आणि किती राहिलं ते असतं. पुरवणी बिल त्याच्याशिवाय मंजूर होत नाही, म्हणजे तो शाळेत आहेच. त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या सहीने घ्या. तक्ता वाचताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडे मार्चचा पगार एप्रिलमध्ये होतो, म्हणून आयकरासाठी पगाराचं वर्ष मार्च ते फेब्रुवारी धरलं जातं. फरकही त्याच मापाने वर्षांत वाटायचा. तुम्ही एप्रिल ते मार्च अशी बेरीज केली तर प्रत्येक वर्षी एका महिन्याची गल्लत होईल. काही वेळा तक्त्यात नुसती एकूण रक्कम आणि "सन २०१९ ते २०२५" एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर हिशोब होत नाही, वर्षांची फोड मागा.

जुन्या वर्षांचं करपात्र उत्पन्न आठवणीने लिहू नका. पोर्टलवर जुनी रिटर्न उतरवून घेता येतात आणि त्यावर विभागाने पाठवलेली कलम १४३(१) ची सूचनाही असते. त्या सूचनेत विभागाने मान्य केलेला आकडा असतो, तोच घ्या. तुमचा आणि त्यांचा आकडा एकच असला की पुढे वाद उरत नाही.

आणि तो फॉर्म म्हणजे फॉर्म १०ई. तो कागदावर देऊन चालत नाही, आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवरच भरावा लागतो. लॉगिन करून ई-फाईल, मग इन्कम टॅक्स फॉर्म्स, त्यात फॉर्म १०ई. पहिल्याच पानावर कर निर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, विचारतात आणि निम्मे लोक तिथेच घसरतात. फरक २०१९ पासूनचा म्हणून ते २०२०-२१ निवडतात. पैसे ज्या वर्षी मिळाले त्याचं निर्धारण वर्ष द्यायचं, म्हणजे तुमच्यासाठी २०२६-२७. मग थकबाकी पगाराचं परिशिष्ट निवडायचं, तक्त्यात सहा वर्षं सहा ओळींत भरायची आणि आधार ओटीपीने पडताळणी करायची. पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा.

त्यानंतरच रिटर्न. तुमचं उत्पन्न पन्नास लाखांच्या आत आणि पगाराचंच आहे, तर साधा आयटीआर-१ पुरतो. करमोजणीच्या भागात कलम ८९ च्या सवलतीचा रकाना असतो, तिथे ४६,६४४ लिहायचे. कापलेला कर ९५,९४०, देय कर ४९,२९६, उरलेला रिफंड. मुदत ३१ जुलै.

फॉर्म न भरता नुसता रकाना भरला तर काय होतं ते मी दरवर्षी पाहतो. रिटर्न तर जातं, पण काही महिन्यांनी १४३(१) ची सूचना येते. सवलत नामंजूर, आणि रिफंड मिळण्याऐवजी उलट मागणी. गेल्या वर्षी एक निवृत्त गृहस्थ अशी सूचना घेऊन आले होते. हिशोब पैशापैशापर्यंत अचूक, वहीत तांबड्या शाईने आखलेला. फॉर्म मात्र भरलाच नव्हता. नंतर फॉर्म भरून दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण सहा महिने मनस्ताप आणि हेलपाटे. म्हणून क्रम चुकवू नका. आधी १०ई, मग रिटर्न.

तुमच्या क्लार्कबद्दल एक शब्द. तुम्ही जानेवारीतच १०ई चा तपशील शाळेत दिला असता तर कर कापतानाच ही सवलत धरता आली असती आणि फेब्रुवारीचा पगार असा कोरडा गेला नसता. कायद्यात कलम १९२(२ए) त्यासाठीच आहे आणि ते शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणे संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. पण मुख्याध्यापकांच्या सहीने कर कापला जातो आणि कमी कापला तर जबाबदारी त्यांच्यावर येते. साहजिकच कार्यालय सावध राहतं आणि पूर्ण कापून मोकळं होतं. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मात्र शाळेने सवलत आधीच धरली असती तरीही पोर्टलवर फॉर्म १०ई तुम्हालाच भरावा लागला असता, तो कुणाला चुकत नाही.

रिटर्न भरायची घाई जूनच्या मध्यापर्यंत करू नका. शाळेचं शेवटच्या तिमाहीचं टीडीएस (कापलेल्या कराचं) विवरण ३१ मेपर्यंत जातं आणि फॉर्म १६ त्यानंतर १५ जूनपर्यंत मिळतो. तो आल्यावर २६एएस उघडून ९५,९४० तिथे पूर्ण दिसतात का ते बघा. फरकाच्या बिलातून कापलेली रक्कम आणि पगारातून कापलेली रक्कम वेगळ्या चलनांनी गेलेली असते, आणि त्यातलं एखादं चुकीच्या पॅनवर चढलेलं मी पाहिलं आहे. तसं असेल तर विवरण शाळेलाच दुरुस्त करावं लागेल, तुम्हाला नाही.

तुमच्यासोबत आणखी तिघींना फरक मिळाला असं तुम्ही लिहिलंय. त्यांना तुमचा हिशोब दाखवा, पण आकडा तसाच येईल असं सांगू नका. ज्यांचं फरकासकट करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे त्यांना यंदा करच नाही, मग सवलत कशातून मिळणार? त्यांनी हा फॉर्म भरायची गरज नाही. ज्या आधीपासून जुन्या पद्धतीत वीस टक्क्यांच्या टप्प्यात होत्या, त्यांची मागच्या वर्षांची बेरीज यंदाच्या वाढीइतकीच किंवा जास्त निघू शकते. मग सवलत शून्य. वरची तफावत उलटी निघाली तरी कुणी जादा कर मागत नाही, एवढं बरं. आणि कुणी एजंट "मॅडम, सगळाच्या सगळा रिफंड काढून देतो, वीस टक्के माझे" म्हणत आला, तर तो देणग्या किंवा खोटं घरभाडं दाखवणार हे ओळखा. पॅन तुमचा असतो, नोटीसही तुम्हालाच येते.

स्टाफमधल्या कुणाच्या घरी कुटुंब निवृत्तिवेतनाची थकबाकी आली असेल, तर तिलाही कलम ८९ लागू आहे. रीत हीच.

शेवटचं, तुमच्या ताज्या कलमातलं. महागाई भत्त्याचा काही फरक अजून यायचा आहे आणि तो पुढच्या वर्षी मिळेल, असं तुम्ही म्हणता. तो १ एप्रिल २०२६ नंतर आला तर त्याचा आणि या फरकाचा हिशोब एकत्र करू नका. १९६१ चा कायदा २०२५-२६ च्या उत्पन्नापर्यंत. त्यापुढच्या उत्पन्नाला आयकर कायदा २०२५ लागू. सवलत तिथेही आहे, कलम १५७ मध्ये, पण तिच्यासाठी त्या कायद्याखालचा नवा फॉर्म घ्यावा लागेल. त्या रकमेचा वर्षनिहाय तक्ता बिल मंजूर होताना, क्लार्कच्या टेबलावर असतानाच मागून घ्या. आणि या वेळी तपशील फेब्रुवारीच्या आधी शाळेत द्या.